मागें सरकावयास जागा नाहीं



घरांत चित्र टिपावयाचें म्हणून कॅमेरा हातीं घेतलेला मनुष्य प्रथम काय करतो, तर मागें सरकतो. बारशाच्या दिवशीं म्हणा, दिवाळीच्या फराळाला सारें कुटुंब एकत्र बसलें असतां म्हणा, तो एकेक पाऊल मागें घेत जातो आणि शेवटीं त्याची पाठ भिंतीला लागते. तरीहि उजवीकडची आत्या चित्राबाहेरच राहते. ज्यांचीं घरें ऐसपैस आहेत ते ही अडचण हसण्यावारी नेतील. पण दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा खोलींत ज्यांचा संसार झाला त्यांना ती पुरती ठाऊक आहे. लहान व्हिडिओ-कॅमेऱ्याच्या, म्हणजे कॅमकॉर्डरच्या, तोंडावर बसवावयाचें रुंद कोनाचें भिंग हा त्या अडचणीवरील एक उपाय. तें व त्याबरोबरचें साहित्य कसें निवडावें हा आजचा विषय. मी जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला, त्यामुळें कोणतीहि गोष्ट मुळापासून सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं. शिवाय या भिंगाचा इतिहास एकदां ऐकला कीं दुकानांत काय पाहावें हें निम्में आपोआप कळतें.

आपल्याकडे चलच्चित्रें टिपण्यास प्रारंभ झाला तो मोकळ्या जागेंत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. बागेंत मागें सरकावयास हवी तेवढी जागा. परंतु जागा अपुरी पडण्याचा प्रश्न त्याच्याहि चाळीस वर्षें आधीं स्थिर छायाचित्रें काढणाऱ्या युरोपियन लोकांपुढें उभा राहिला होता.

१८५९ सालीं थॉमस सटन या इंग्रज छायाचित्रकारानें रुंद देखावा एका कांचेवर उतरविण्यासाठीं एक विलक्षण भिंग योजिलें. कांचेच्या दोन जाड वाट्या समोरासमोर बसवावयाच्या व आंत चक्क पाणी भरावयाचें. त्यांतून सुमारें १२० अंशांचा देखावा सांपडे. परंतु अशा गोळ्यांतून पडणारें चित्र सपाट पडत नाहीं, तें वक्र पृष्ठावर पडतें. सटननें चित्र सपाट करण्याचा नाद सोडला आणि कांचच वांकवून घेतली. त्या काळीं कांचेवर ओल्या कोलोडियनचा थर द्यावा लागे व तो वाळण्यापूर्वींच चित्र घ्यावें लागे. हा थर वांकड्या कांचेवर सारखा पसरणें, ती कांच वांकड्या चौकटींत बसविणें आणि पुढें तिच्यावरून कागदावर छाप काढणें, इतका खटाटोप ज्याच्यानें होईल त्यानेंच तें भिंग वापरावें. अर्थात् फारच थोड्यांनीं तें वापरलें. पण एक गोष्ट त्यांतून उघड झाली. रुंदीची किंमत चित्राच्या मध्यभागीं मोजावी लागत नाहीं. ती कडेला मोजावी लागते. आज मीं जें जें सांगणार आहें तें या एका वाक्याभोंवतीं फिरणार आहे.

तीन वर्षांनीं, १८६२ मध्यें, न्यूयॉर्कच्या हॅरिसन व श्निट्झर यांनीं ‘ग्लोब’ नांवाच्या भिंगाचें पेटंट घेतलें. त्याचीं बाहेरचीं दोन्ही पृष्ठें एकाच गोलाचे भाग होतीं, म्हणून तें नांव. त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला आणि कांहीं वर्षांतच तें मागें पडलें.

खरी मौजेची गोष्ट १९०० सालची. बर्लिनच्या गोएर्झ कंपनीसाठीं एमिल फॉन होएग यांनीं ‘हायपरगॉन’ हें भिंग काढलें. अंड्याच्या कवचासारखीं वांकलेलीं, जवळजवळ अर्धगोल अशीं दोनच भिंगें, पोकळ बाजू एकमेकांकडे करून ठेवलेलीं. आणि त्यांतून १३५ अंशांचा देखावा, तोहि सपाट कांचेवर आणि सरळ रेषा सरळ राखून! मग वाण कशाची पडली? प्रकाशाची. भिंगाच्या अक्षापासून जसजसें दूर जावें तसतसा प्रकाश झपाट्यानें कमी होत जातो. गणिताचा नियम असा कीं, ४५ अंशांवर मध्याच्या चौथा हिस्सा प्रकाश उरतो, ६० अंशांवर सोळावा हिस्सा. हायपरगॉनच्या अगदीं कडेला, म्हणजे साडेसदुसष्ट अंशांवर, हिशेब केला तर जेमतेम सत्तेचाळिसावा हिस्सा येतो. मध्यभाग उजळून निघावा आणि कडा काळोखांत राहाव्यात, असें तें चित्र होई. यावरचा तोडगा पाहण्यासारखा आहे. भिंगाच्या पुढें चांदणीच्या आकाराची एक चिमुकली चकती बसविली होती. रबरी फुगा दाबून हवा सोडली कीं ती गरगर फिरे व मध्यभागीं येणारा प्रकाश अडवी. तेवढ्या वेळांत कडा आपला वांटा घेत. मग चकती बाजूला सारून उरलेला वेळ मध्याला द्यावयाचा. इमारतींच्या चित्रांना हें ठीक होतें, कारण इमारत हलत नाहीं. घरांतल्या मुलांना असें बसवून ठेवणें शक्य नव्हतें.

सरळ रेषा सरळ ठेवण्याचा हट्ट धरला म्हणजे आणखी एक दोष येतो, आणि तो भिंगाच्या कारागिराचा नसून भूमितीचा आहे. कडेजवळच्या वस्तु बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात. ४५ अंशांवर उभ्या असलेल्या माणसाचें डोकें उंचीच्या मानानें जवळजवळ दीडपट रुंद दिसतें, ६० अंशांवर दुप्पट. खांब ताठ उभा राहतो, पण खांबाशेजारच्या काकांचा भोपळा होतो. उलट, डोकें गोल राहावें असें वाटत असेल तर खांबाला वांकूं दिलें पाहिजे. दोन्ही एकदम साधत नाहीं. हा वांकण्याचा मार्ग अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनीं टोंकाला नेला. पाण्यांतल्या माशाला वरचें जग कसें दिसत असेल, हें पाहण्यासाठीं त्यांनीं पाण्यानें भरलेल्या डब्याच्या तळाशीं कांच ठेवून चित्रें घेतलीं व १९०६ सालीं तीं प्रसिद्ध केलीं. पाण्याखालून पाहतां क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचें सारें आकाश सुमारें ९७ अंशांच्या शंकूंत मावतें. ‘फिश-आय’ हा शब्द तेथून निघाला. पुढें १९२४ मध्यें केंब्रिजच्या रॉबर्ट हिल यांनीं अशाच गुणाचें कांचेचें भिंग वर्णिलें. हेतु हा कीं, सगळ्या आकाशांतील ढग एका चित्रांत यावे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ज्यांच्या नांवाची ‘हिल अभिक्रिया’ आपल्या मुलांना पाठ करावी लागते, तेच हे हिल. ढगांना सरळ कडा नसतात, म्हणून तेथें वांकडेपणाचें कांहीं बिघडलें नाहीं.

आतां घरगुती चलच्चित्राकडे येऊं. १९२३ सालीं कोडॅक कंपनीनें १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चालणारा सिने-कोडॅक बाजारांत आणला. त्याचें भिंग २५ मिलिमीटरचें. फिल्मवरील चौकट इतकी लहान कीं, दहा फुटांवरून या कॅमेऱ्याला रुंदींत जेमतेम चार फूट दिसत. म्हणजे एक मनुष्य व त्याची आरामखुर्ची. १९५१ पासून पुढें आठ मिलिमीटर फिल्मचे स्वस्त ‘ब्राउनी’ कॅमेरे घरोघर गेले. त्यांच्या १३ मिलिमीटरच्या भिंगाला दहा फुटांवरून साडेतीन फूटच दिसे. त्याच्यापुढें एक जोडभिंग आणलें म्हणजे १३ चें ९ होई आणि साडेतीनाचे पांच फूट होत. दीड फुटाच्या या लाभासाठीं लोक वेगळे पैसे मोजीत, यावरून खोल्यांची कल्पना करावी.

हें जोडभिंग म्हणजे काय, तें लहान मुलालाहि समजेल. दुर्बीण उलट्या बाजूनें डोळ्याला लावली तर समोरचा मनुष्य लहान व दूर दिसतो, आणि त्याच्या आजूबाजूचें पुष्कळ कांहीं दिसूं लागतें. गॅलिलिओनें १६०९ सालीं जी दुर्बीण आकाशाकडे वळविली तिच्यांत एक फुगीर व एक खोलगट अशीं दोन भिंगें होतीं. तीच उलटी करून कॅमेऱ्यापुढें धरा. खोलगट भिंग पुढें, फुगीर मागें. तिच्यांत समांतर शिरलेले किरण समांतरच बाहेर पडतात, म्हणून कॅमेऱ्याच्या स्वतःच्या भिंगाला कांहीं वेगळें घडल्याचा पत्ता लागत नाहीं आणि प्रकाशहि कमी होत नाहीं. पुढें खोलगट व मागें फुगीर ही मांडणी पुढें भिंगाच्या पोटांतच शिरली. १९३२ सालच्या तीन फिल्मच्या टेक्निकलर कॅमेऱ्यांत भिंग व फिल्म यांच्यामध्यें प्रकाश विभागणारा लोलक असे. आखूड भिंग फिल्मच्या अगदीं जवळ बसावें लागतें, आणि येथें तर वाटेंत लोलक. तेव्हां टेलर-हॉबसन कंपनीच्या एच. डब्ल्यू. ली यांनीं याच मांडणीचें भिंग योजून तो पेंच सोडविला. १९५० सालीं पिएर आंझेन्यू या फ्रेंच कारागिरानें ‘रेट्रोफोकस’ या नांवानें तशा प्रकारचें ३५ मिलिमीटरचें भिंग स्थिर कॅमेऱ्यांसाठीं विकावयास काढलें.

त्यानंतर फिल्म गेली व फीत आली. १९८३ सालीं सोनीचा बीटामूव्ही निघाला, त्यांत कॅमेरा व फीत भरणारें यंत्र एकत्र झालें. १९८५ मध्यें आठ मिलिमीटरची व्हिडिओफीत आली, १९९५ मध्यें डिजिटल फीत. यंत्र दरवेळीं लहान होत गेलें आणि चित्र ग्रहण करणारी चकती तर नखाएवढीहि राहिली नाहीं. पाव इंची चकती असें माहितीपत्रकांत लिहिलेलें असे; पण तिचा कर्ण पाव इंच भरेल असें कोणीं समजूं नये. हीं मापें जुन्या कांचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलीं. एक इंची नळींत प्रत्यक्ष चित्राचा कर्ण सुमारें १६ मिलिमीटर असे. त्याच हिशेबानें पाव इंची चकतीचा कर्ण अवघा चार मिलिमीटरच्या आसपास. इतक्या लहान चित्राला रुंद देखावा देणें अवघड होतेंच. त्यांतून गिऱ्हाइकाला भुरळ पडे ती दूरचें जवळ आणण्याची. दहापट, बारापट, वीसपट हे आंकडे खोक्यावर ठळक छापले जात. समोरच्या डोंगरावरची बकरी दिसते, पण समोर बसलेलें कुटुंब मावत नाहीं, असा तो प्रकार. १९९७ सालच्या कॅनन एक्सएल-वन या कॅमेऱ्याचें भिंग बदलतां येई व त्याला वेगळें रुंद भिंग मिळे. २००२ च्या पॅनासॉनिक डीव्हीएक्स-१०० चें मूळचेंच भिंग इतरांहून रुंद होतें. तीं यंत्रें धंदेवाईकांचीं. आपल्यासारख्यांना जोडभिंग हाच मार्ग.

आतां नवे कॅमकॉर्डर दुकानांत क्वचितच दिसतात. त्यांचें काम मोबाइल फोनकडे गेलें आहे, आणि पुष्कळ फोनांना रुंद देखाव्यासाठीं वेगळें भिंगच असतें. २०१९ च्या आयफोन ११ मध्यें पडद्यावर ०.५ असा आंकडा आला व त्याला १२० अंश दिसूं लागले; सटनच्या पाण्याच्या गोळ्याएवढे. वांकलेल्या रेषा तेथें गणित करून सरळ केल्या जातात, आणि कडेच्या काकांचें डोकें तेथेंहि ताणलेलें असतेंच. भूमितीला फोन अपवाद नाहीं. पण कपाटांत जपून ठेवलेला कॅमकॉर्डर अजून ज्यांच्याकडे चालतो, किंवा जे जुन्या बाजारांतून तो हौसेनें घेतात, त्यांनीं जोडभिंग घेतांना पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

जोडभिंगावर ०.७, ०.६, ०.५ असा आंकडा असतो. ०.६ म्हणजे मूळ भिंगाच्या लांबीला ०.६ नें गुणावयाचें. साधा कॅमकॉर्डर सुमारें ४५ अंश पाहतो असें धरूं. दहा फुटांवरून त्याला रुंदींत आठ फुटांहून थोडें अधिक दिसतें. ०.७ लावलें तर बारा फुटांच्या आसपास, ०.६ नें पावणेचौदा, ०.५ नें साडेसोळा. अंश मात्र त्या प्रमाणांत वाढत नाहींत, ०.६ नें ४५ चे ७५ होतील असें वाटतें, प्रत्यक्षांत ६९ होतात. आपली खोली फुटांत मोजावी, पेन्सिल घेऊन हिशेब करावा आणि गरजेपुरतेंच रुंद भिंग घ्यावें. बहुतेक घरांना ०.७ पुरतें. ०.४५ वगैरे आंकडा पाहून हुरळून जाऊं नये.

दुसरी गोष्ट आट्यांची. कॅमेऱ्याच्या तोंडावरील आट्यांचा व्यास, ३७, ४३, ५२ किंवा ५८ मिलिमीटर, भिंगाच्या कडेवर किंवा पुस्तिकेंत दिलेला असतो. जोडभिंगाचे आटे तेवढेच असावे. ते मोठे असतील तर मध्यें कडी बसवितां येते. लहान असतील तर चित्राचे कोपरे काळे होतात. कोपरे काळे होण्याचें आणखी एक कारण म्हणजे आधीं लावलेलें फिल्टर न काढतां त्याच्यावरच जोडभिंग चढविणें. मूळ भिंगासाठीं घेतलेला हूडहि येथें चालत नाहीं. तो रुंद देखाव्याच्या आड येतो. जोडभिंगाला स्वतःचा उथळ हूड असावा, कारण पुढची फुगीर कांच खिडकींतला सारा उजेड गोळा करते आणि चित्रावर धुकें पसरतें. कॅमेऱ्याला दिवा असेल तर जोडभिंगाची सावली चित्रांत पडते काय, हेंहि पाहावें.

तिसरी गोष्ट परीक्षेची. दुकानदाराला सांगून कॅमेऱ्यावर भिंग चढवावें व समोरची फरशी किंवा खिडकीचे गज चौकटीच्या अगदीं कडेला येतील असें धरावें. गज पिंपाच्या बाजूंसारखे फुगतात काय? त्यांच्या कडांना निळी-तांबडी किनार दिसते काय? एकाच जातीच्या कांचेचीं दोन भिंगें बसवून काम उरकलें असेल तर ती किनार यावयाचीच. दोन जातींच्या कांचा जोडून रंग आवरण्याची विद्या जॉन डॉलंड यानें १७५८ सालींच पेटंट केली होती. ती वापरावयास कांच अधिक लागते व भिंग जड होतें, म्हणून स्वस्तांतला कारखानदार ती टाळतो. शेवटीं झूम पूर्ण पुढें न्यावा. कित्येक जोडभिंगें रुंद टोंकालाच स्पष्ट दिसतात. झूम केला कीं सारें पुसट. जड भिंगानें कॅमेऱ्याचें तोंड खालीं जातें, तेव्हां तिपाई भक्कम असावी. हातानेंच धरावयाचें असेल तर मात्र एक सोय आहे. रुंद चित्रांत हाताची थरथर कमी जाणवते.

आणि आवाज. कॅमेऱ्याचा मायक्रोफोन कॅमेऱ्यावरच असतो. रुंद भिंगामुळें आपण बोलणाऱ्याच्या जवळ उभे राहूं शकतों, म्हणून त्याचें बोलणें स्वच्छ भरतें. या गुणाचा उल्लेख जाहिरातींत मला कधीं आढळला नाहीं. मला तो फार उशिरां उमगला, आणि तो ज्या प्रकारें उमगला तें सांगतों.

२००४ सालीं साताऱ्याचें आमचें जुनें घर पाडावयाचें ठरलें. भावांची वांटणी झाली होती, घराच्या तुळया खचल्या होत्या, त्यांत कोणाचा दोष नव्हता. त्यापूर्वीं घर फितीवर घ्यावें म्हणून धाकट्या भावाचा डिजिटल कॅमकॉर्डर मीं मागून आणला. ओसरी, माजघर, देवघर ठीक उतरलें. स्वयंपाकघर आठ फूट लांब आणि आठ फूट रुंद; चूल एका कोपऱ्यांत. मीं मुंबईच्या एका दुकानांतून ०.४५ चें एक जोडभिंग साडेचारशें रुपयांना घेतलें. इतक्या पैशांत इतकी रुंदी मिळाली म्हणून मला धन्यता वाटली. परीक्षा वगैरे कांहीं केली नाहीं.

आई त्या दिवशीं चुलीवर भाकरी करीत होती. गॅस होता, पण चूल पाडली जाणार म्हणून तिनें ती मुद्दाम पेटविली होती. मी समोरच्या कोपऱ्यांत भिंतीला टेकून उभा राहिलों. मला सारें घर दाखवावयाचें होतें. कोनाडे, शिंकें, भिंतीवरच्या खुंट्या, पलीकडचें जातें. सगळें चौकटींत बसलें. आई मात्र चौकटीच्या डाव्या कडेला आली. छोट्या पडद्यावर मला तें कळलें नाहीं. घरीं दूरदर्शन-संचावर पाहिलें तेव्हां जातें स्वच्छ होतें, खुंट्या मोजतां येत होत्या, आणि आईचा चेहरा पाण्यांत शाई पडावी तसा पसरला होता. तिच्या चेहऱ्याकडे झूम केला आहे, तेथें तर कांहींच ओळखूं येत नाहीं.

जोडभिंगाचे आटे मध्येंच सैल झाले म्हणून मीं तें काढलें होतें, आणि तसाच अंगणांत जाऊन दारांतून एक मिनिट चित्रण केलें. त्यांत स्वयंपाकघराचा तिसरा हिस्साहि नाहीं. दाराची चौकट, चूल आणि आई. चेहरा अगदीं स्पष्ट आहे, कपाळावरचें पीठसुद्धां दिसतें. ती कांहीं बोलते आहे, पण अंगणांत कावळे ओरडत आहेत आणि शब्द ऐकूं येत नाहींत. आंतल्या चित्रणांत तिचा प्रत्येक शब्द ऐकूं येतो. मी कोपऱ्यांत मागें मागें जात असतां ती म्हणते, “अरे, आणखी किती मागं जाशील? भिंत आहे मागं.”

पुढच्या महिन्यांत घर पडलें. आई २००६ सालीं गेली. फीत झिजूं नये म्हणून नंतर मीं ती संगणकावर उतरवून घेतली. मुलगा म्हणाला, बाबा, हा आवाज त्या चित्राला जोडून देतों. मीं त्याला तसें करूं दिलें नाहीं. दोन्ही तुकडे होते तसेच वेगवेगळे ठेवले आहेत.